मंडळीचे वडील

परभणी
८ जानेवारी २०२५

चि. परमेश्वर,
सलाम आणि आशीर्वाद.

आधी तक्रार. तुझ्या घरच्यांनी तुझं नाव ठेवताना माझ्यासारख्या पत्राने बायबल शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचा विचार करायला हवा होता. पाकिटावर 'श्री. परमेश्वर, ताडकळस' लिहून पोस्टात नेलं की खिडकीतले बाबू विचारतात, "काय मास्तर, थेट वरच? उत्तर येतं का?" मी म्हणतो, येतं, पण शुद्धलेखन कच्चं आहे.

तुझा चौथा धडा तपासला. पन्नासपैकी एकोणीस. वहीत 'परमेश्वर नापास' असं लिहिण्याआधी मी दार लावून घेतलं.

'मिठाचा खारटपणा गेला तर काय करावे?' या प्रश्नाला तू लिहिलंस, 'बाजारच्या दिवशी दुकानदाराला परत करावे.' लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. पहिल्या धड्यात मीच तुला नियम घालून दिला होता, की शास्त्र वाचताना शब्दाचा साधा, सरळ, चारचौघांना कळतो तोच अर्थ घ्यावा. तू तेच केलंस. तरी अर्धाच गुण दिला. पूर्ण दिला असता तर माझी इतक्या वर्षांची उपदेशकी धुळीला मिळाली असती.

तू विचारलंस, उजवा डोळा पापात पाडत असेल तर उपटून टाकायचा असं लिहिलंय, तिथे काय करायचं? त्यासाठी दुसरा नियम. सरळ अर्थाने जिथे अवयव जातो, तिथे घाई न करता मोठ्या माणसाला विचारावं. हा नियम मी स्वतः काढलेला आहे. अजून कुठल्या ग्रंथात सापडला नाही.

फोन कर म्हणतोस, पण माझे कान तुला माहीत आहेत. यंत्र लावलं तर ते ऐन प्रार्थनेत शिट्टी मारतं, म्हणून कपाटात ठेवलंय. पत्रच बरं.

आता आनंदाची बातमी. नाताळ झाला आणि मी वडील झालो! गेल्या रविवारी उपासनेनंतर जाहीर झालं. फार वर्षांची प्रार्थना होती. लक्ष्मीबाई म्हणते, या वयात ही जबाबदारी कशाला? पण नात निकिता खूश आहे, तिनेच पेढे वाटले.

पाचवा धडा लवकर पाठव.

तुझा,
शमुवेल खरात (मास्तर)


ताडकळस
१७ जानेवारी २०२५

आदरणीय मास्तर,
सलाम.

धडा मिळाला. एकोणीस लय झाले. तुम्ही वडील झालात हे दोनदा वाचलं. अब्राहामाचं वाचलं होतं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं, आता शंका राहिली नाही. मास्तरीणबाईंना जपा. जड काही उचलू देऊ नका.

माझा पाचवा धडा राहिला, कारण मी आडवा आहे. एका गिऱ्हाइकाची पाणबुडी मोटार टेम्पोतून उतरवताना कमरेत कळ निघाली ती टाचेपर्यंत गेली. परभणीच्या डॉक्टरांनी मणक्यात गॅप सांगितला. गोळ्या चालू, माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान बंद.

पडल्या पडल्या याकोबाचं पत्र वाचलं. पाचव्या अध्यायात माझ्यासाठीच लिहिल्यासारखं सापडलं. दुखणाईत माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. तुमचा पहिला नियम लावला. अर्थ सरळच आहे, पण मास्तर, सरळ असूनही लय अवघड आहे. वडिलांचा माझ्यावरचा राग जुना आहे. बोलणं बंद आहे. मी बोलावलं आणि ते आलेच नाहीत तर?

मंडळीला वाचून दाखवलं तर मंडळी रडायलाच लागली. म्हणाली, वडील एकदा हा उंबरा ओलांडून आत आले तर मला दुसरं काही नको. मंडळीला सातवा महिना लागलाय, नाजूक दिवस आहेत, तरी रात्री उठून माझी कंबर शेकते. तिच्याकडे बघून तरी बोलवायला पाहिजे. लिहिलंय ते लिहिलंय. देवाचं नाव घेऊन बोलावतो.

तुम्ही प्रार्थना करा.

आपला,
परमेश्वर


परभणी
२२ जानेवारी २०२५

चि. परमेश्वर,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. लक्ष्मीबाईला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. तिला जपायला सांगितलंस ते वाचून दाखवलं. म्हणाली, "इतक्या वर्षांत कोणीतरी म्हणलं बाई!" आणि पाण्याची घागर माझ्याकडे सरकवली.

पण मला सांग, ताडकळसला मंडळी स्थापन झाली, तिला सातवा महिना लागला, आणि मला पत्ता नाही? सात महिन्यांची कोवळी मंडळी तुझ्यासाठी रडते, रात्री उठून कंबर शेकते! आमच्या मंडळीला इथे किती वर्षं झाली, तरी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा एकच गृहस्थ भेटायला आले. ते पण मागच्या पावसाळ्यात विसरलेली छत्री न्यायला.

आणि माझा तुझ्यावर राग आहे असं कोणी सांगितलं? एकोणीस गुण दिले म्हणून? आदरापोटी तू मला 'ते' म्हणून लांबून लिहिलंस हे माझ्या लगेच ध्यानात आलं. अब्राहामाची उपमा जरा मोठी झाली, पण मी खोडत नाही. मंडळीचा वडील म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल, पंचासारखा. तोही एका अर्थी पुष्कळांचा बापच. निवडणुकीत उमेदवार मी एकटाच होतो, तरी मी हात वर करून मोजणी करायला लावली. आणि पहिल्याच महिन्यात दुखणाइताचं बोलावणं! बरेच वडील बोलावण्याची वाट बघत म्हातारे झाले.

मेडिकलमधून जैतुनाचं तेल आणलं आहे. बाटलीवर रांगत्या बाळाचं चित्र आहे, पण आत तेल तेच असं दुकानदार म्हणाला. येत्या मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने येतो. मंडळीला सांगून ठेव, वडील येत आहेत.

तुझा,
मास्तर


परभणी
२९ जानेवारी २०२५

श्री. परमेश्वर यांस,

'चि.' मुद्दाम घातलेलं नाही.

काल मी तुझ्या दारात आलो होतो. अंगात उपासनेचा कोट, हातात तेलाची बाटली. दार एका धिप्पाड गृहस्थाने उघडलं. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले, कपाळाला पीठ लागलेलं. गिरणीवरून आला असावा.

"कोण पायजे?" त्याने विचारलं. तो ओरडून बोलत होता म्हणून एवढं ऐकू आलं.

मी म्हणालो, "मी मंडळीचा वडील. परभणीहून आलोय."

"कुणाचा?"

"मंडळीचा! वडील!"

त्याचा चेहरा लाल झाला. छातीवर तेलकट हात आपटून म्हणाला, "मंडळीचा वडील मी हाय!" त्यापुढे तो बरंच बोलला. ते माझ्या कानापर्यंत आलं नाही, पण त्याचं बोट आलं. ते रस्त्याकडे होतं.

मी काय समजायचं ते समजलो. तू दुसऱ्याच कुठल्या मंडळीत गेलास आणि त्यांचा वडील बोलावलास. जाऊ दे. तुला बरं वाटलं म्हणजे झालं, असं मी एस.टी.त स्वतःला सांगत होतो आणि ते मला पटत नव्हतं. वाईट वाटलं, परमेश्वर. इतकी पत्रं लिहिली. मला वाटलं होतं तुझं माणूस मी आहे.

लक्ष्मीबाईने विचारलं, प्रार्थना झाली का? मी म्हटलं, झाली. खोटं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी बरीच केली, तिचा विषय तेवढा सांगत नाही.

शमुवेल खरात


ताडकळस
४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मास्तर,
सलाम, आणि पाया पडतो. पडता येत नाही, पण समजून घ्या.

'मंगळवारी येतो' म्हणून लिहिलेलं पत्र तुम्ही येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मिळालं. तोपर्यंत बाहेर कोण म्हातारा येऊन गेला हे कोडं घरात कोणालाच सुटत नव्हतं. काल तुमचं रागाचं पत्र आलं ते वाचलं आणि मी हसावं की रडावं या पेचात पडलो. हसलं की कंबर दुखते.

मास्तर, तुमच्यासारख्या मोठ्या माणसापुढे बायकोचं नाव घ्यायचं नाही म्हणून मी 'मंडळी' लिहितो. आमच्याकडे सगळेच म्हणतात. तिचं नाव महेश्वरी. तिला सातवा महिना लागलाय. आणि मंडळीचे वडील म्हणजे माझे सासरे, बसवंतराव. पोखर्णीकडे त्यांची शेती आहे. त्यांच्या कपाळाला पीठ नव्हतं. ती विभूती. ते लिंगायत आहेत, शिवपूजा केल्याशिवाय पाणी पीत नाहीत.

आम्ही दोघांनी मनानं लग्न केलं आणि त्यांनी पोरीचं नाव टाकलं. पुढे मी बायबल वाचायला लागलो, तर उरलंसुरलं दारही बंद झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. महेश्वरी रोज दिवस मोजायली आणि माहेरचं नाव काढत नव्हती. तशात ते वचन सापडलं. मी पडल्या पडल्या त्यांना फोन लावला आणि वाचूनच दाखवलं. मला वाटलं आता फोन ठेवतील. मग म्हणाले, "तेल कोणतं लिवलंय?"

दुसऱ्या दिवशी करडीच्या तेलाचा डबा घेऊन दारात हजर. ओवा-लसूण घालून तेल कोमट करतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ कंबर चोळतात. आता मी भिंतीला धरून उभा राहतो. प्रार्थना त्यांची ते करतात, मी माझी करतो.

आणि त्यांच्यासमोर एक अनोळखी म्हातारा येऊन म्हणतो की तुमच्या पोरीचा बाप मी आहे! त्यांनी बोटच दाखवलं हे लय झालं म्हणायचं.

पण तेव्हापासून त्यांच्या डोक्यात किडा शिरलाय. "त्यो कोटवाला बी सोताला मंडळीचा वडील म्हणत हुता. कायतरी घोळ हाय. तुज्या मास्तरला इचार, त्या जागी खरंच सासरा लिवलाय का. आसंल तर बाळंतपणापस्तोर हालत न्हाई. नसंल तर मी बिनबोलावता आलोय, उद्याच जातो." पिशवी भरून खुंटीला लावलीय.

मास्तर, मंडळीचा दुसरा काही अर्थ असतो का? आमच्याकडे महिन्यातून एकदा पाच-सात माणसं प्रार्थनेला जमतात, त्याला आम्ही सभा म्हणतो. आणि बाकी कुठे मला अडलं नाही. मंडळीवर प्रीती करा असं वाचलं, मी केली.

खरं काय ते कळवा. तुम्ही म्हणाल ते त्यांना वाचून दाखवीन.

आपला,
परमेश्वर

ता.क. मास्तर, मी महेश्वरी. यांना न सांगता लिहितेय. अप्पा रात्री माझ्या डोक्यावर हात ठेवून झोप म्हणतात, लहानपणी म्हणायचे तसं. एकच ओळ खोटी लिहा. तुमच्या देवाला मी सांगीन की मी लिहायला लावली.


परभणी
८ फेब्रुवारी २०२५

चि. परमेश्वर आणि चि. महेश्वरी,

तुमचं पत्र मी लक्ष्मीबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती इतकी हसली की शेजारच्या सुमनबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. मग दोघींना 'मंगळवारी येतो' या माझ्या पत्राचा मजकूर तोंडी सांगितला. आता या गल्लीत मला मान वर करून चालता येत नाही.

महेश्वरी, मी ती ओळ लिहिली होती. 'होय, तिथे सासराच अभिप्रेत आहे.' सोबत मूळ ग्रीक शब्दाचा दाखलाही ठोकून दिला. मला ग्रीकचं एक अक्षर येत नाही. पुन्हा वाचलं, फार झकास जमलं होतं. माझे कितीतरी उपदेश इतके पटण्यासारखे नव्हते. आणि फाडलं. ज्या माणसाने 'खरं असेल तर राहतो' म्हटलंय, त्याला खोट्यावर बसवून ठेवायचं माझ्याने होईना. उद्या कोणीतरी त्यांना खरं सांगणारच. तेव्हा तू आणि परमेश्वर दोघेही त्यांच्या नजरेतून उतराल, आणि ते मी केलेलं असेल.

म्हणून बसवंतरावांना हे वाचून दाखवा. शास्त्रात मंडळी म्हणजे बायको नव्हे. मंडळी म्हणजे चर्च, विश्वास ठेवणाऱ्यांचा मेळा. मंडळीचे वडील म्हणजे त्या मेळ्याने नेमलेले कारभारी, माझ्यासारखे. तिथे सासऱ्याचा उल्लेख नाही. परमेश्वरने अर्थ चुकवला, आणि चूक त्याची नाही. हा शब्द माझ्या घरात उठता-बसता असतो, तो समजावून सांगायला लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्याला नियम दिला, शब्द दिला नाही.

आता माझं ऐका. तुमचं पत्र आल्यावर मी ते वचन पुन्हा उघडलं, परमेश्वरची चूक नीट दाखवून द्यावी म्हणून. 'वडिलांना बोलवावं.' आयुष्यभर वाचत आलो आणि वडील झाल्यापासून जरा जास्तच वाचलं. मला कायम वाटायचं, 'वडिलांना' हे आदरार्थी आहे, म्हणजे एका माणसाला मान देऊन बोलवायचं. तो माणूस कोण हे उघडच होतं. खात्रीसाठी इंग्रजी बायबल काढलं. त्या भाषेत आदरार्थी अनेकवचन नाही, आणि तिथे मी सापडलो. वडील एक नाहीत, अनेक आहेत. एकट्याने कोट घालून, बाटली घेऊन निघायला मला कोणी सांगितलंच नव्हतं. परमेश्वरला त्या ओळीत आपलं घर दिसलं. मला आरसा दिसला. गुण द्यायचे झाले तर मला एकोणीसही पडणार नाहीत.

बसवंतराव, तुम्हाला वचनाने बोलावलेलं नाही, हे खरं. राहावं की जावं हे वचन सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. तुमचं बोट मी विसरलो आहे. तुम्ही जे तेल लावलंत त्याने माझा विद्यार्थी उभा राहिला, त्यासाठी मी देवाचे रोज आभार मानतो आणि आता तुमचेही मानतो.

महेश्वरी, हे वाचून त्यांनी पिशवी उचलली तर तू मला क्षमा करू नकोस. मला भीती वाटते आहे.

तुमचा,
मास्तर


ताडकळस
१५ फेब्रुवारी २०२५

मास्तर, नमस्कार. मी महेश्वरी. अप्पा सांगायलेत तसंच लिहितेय.

मास्तर, शरणार्थ.

तुमचं पत्र पोरीनं वाचलं. मंडळी म्हंजे चर्च, हितपस्तोर आली अन् तिनं कागद खाली ठेवला. मी म्हणलं, वाच पुढं, म्हाताऱ्यानं जिवावर येऊन लिवलेलं दिसायलंय. तुमी ग्रीकचं लिवलंय तिथं जावई हसला अन् कळवळला. मी हसलो न्हाई. मला राग आला हुता. सगळं ऐकलं अन् खुंटीवरची पिशवी काढली. बिनबोलावता पोरीच्या घरी ऱ्हाणारा मी न्हवं. जावई भिंतीला धरून उभा हुता. पोर चुलीपाशी बसली ती उठली न्हाई.

स्टँडवर येऊन बसलो. परभणीची गाडी आली, लोक चढले, गाडी गेली. मी बसूनच.

माज्या डोक्यात एकच यायलं हुतं. त्ये पुस्तक एवढी माणसं वाचायलीत. त्या वळीवर आले की समद्याला चर्च दिसतंय, तुमच्यावानी कारभारी दिसतेत. तुमाला तर तुमीच दिसलात. अन् ह्या एकट्याला, पाठीच्या कळंनं तळमळताना, तिथं माझी पोर दिसली अन् मी दिसलो. ज्यानं लग्न झाल्यापासून त्याला तोंड दावलं न्हाई, त्यो मी.

परत आलो. पोरीनं चहा टाकला. जावयाला म्हणलं, पालथा हो, तेल निवायलंय.

घरी पोरीच्या आईला, गौराबाईला, फोन करून सांगितलं की हरभरा माणसं लावून काढ, मी आत्ता येत न्हाई. ह्याची कंबर धरली की दोघांनाबी घेऊनच येतो, बाळंतपण आपल्या घरी हुईल. तुमीबी या. कोट घाला नायतर नका घालू. तेल लावून झालंय, तुमची ती प्रार्थना तेवढी ऱ्हायलीय असं जावई म्हणायलाय.

पुस्तकात सासरा लिवलेला असता तर सोपं हुतं, मास्तर. हुकूम झाला, तेल लावलं, काम सपलं, चाललो. पर पुस्तकानं बोलावलं न्हाई, त्येनं आपल्या मनानं बोलावलं. मग आता जायचं कसं?

बसवंतराव